मुंबईच्या ब्रंच-रेस्टॉरंटांच्या मालकांस खुले पत्र: टेबलावरचे बोलणे ऐकू येऊ द्या

मुंबईत दिवसभर ब्रंच, म्हणजे न्याहारी आणि दुपारचे जेवण यांच्या मधले खाणे, वाढणाऱ्या रेस्टॉरंटांचे मालक, चालक आणि या जागांची सजावट करणारे वास्तुविशारद यांस,

सप्रेम नमस्कार.

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे पती, आमची मुलगी आणि माझे वडील, लोअर परळमधील एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या आपल्यासारख्याच एका रेस्टॉरंटात गेलो होतो. जागा मुलीने निवडली होती. तिला पहिली नोकरी लागली होती आणि ही बातमी आजोबांना स्वतःच्या तोंडाने, त्यांनी तरुणपणी घाम गाळला त्याच भागात बसून सांगायची, असे तिने मनाशी ठरवले होते. तेथे तिने ती सांगितली. आजोबा हसले, त्यांनी मान डोलावली, तिच्या हातावर हात ठेवला. परतताना टॅक्सीच्या काचा वर केल्यावर त्यांनी मला हळूच विचारले, "काय म्हणत होती गं ती मघाशी?"

हे पत्र लिहिण्याचे कारण हा एक प्रश्न आहे. त्या रेस्टॉरंटाचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रार त्या एका जागेपुरती नाही. वांद्रे, खार, लोअर परळ आणि काळा घोडा या भागांत गेल्या काही वर्षांत मी मुलीबरोबर अशा बऱ्याच ठिकाणी गेले आहे आणि बहुतेक ठिकाणी मला हाच अनुभव आला आहे.

जेवणाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. त्या दिवशीचा सावरडो पाव उत्तम आंबवलेला होता आणि त्याचा आंबूसपणा वडिलांना आंबोळीची आठवण देऊन गेला. शाकशुका समोर आला तेव्हा त्यांचा चेहराच उजळला. आमची आई रस्सा उकळू लागला की त्यात अशीच अंडी फोडून सोडत असे, आणि जवळपास तोच पदार्थ एका परक्या नावाने लोखंडी तव्यातून पुढ्यात आला, याचे त्यांना मोठे अप्रूप वाटले. दिवसभरात केव्हाही जाऊन न्याहारी मागता येणे ही सोय वृद्धांना किती उपयोगी आहे, हे घरात वृद्ध असणाऱ्यालाच कळेल. औषधांच्या वेळा सांभाळून सकाळी दहा वाजता किंवा दुपारी चार वाजता हलके खाणे मिळावे, ही त्यांची गरजच असते. म्हणजे आपल्या जागा आमच्या घरातल्या माणसांना सोयीच्या होण्यासारख्या आहेत, आणि म्हणूनच तेथून न बोलता परतावे लागले याचे वाईट अधिक वाटते.

माझे वडील १९६६ साली राजापूरजवळच्या गावाहून मुंबईत आले आणि परळच्या एका कापड गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. पुढे ते साचेखात्यात कायम झाले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू होईपर्यंत तेथेच राहिले. साचेखाते म्हणजे जेथे माग चालतात ती शेड. एका छपराखाली शेकडो माग, आणि प्रत्येक मागावर मिनिटाला दीडशेहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाला आपटणारा धोटा. अशा शेडमधील आवाज ९५ डेसिबलच्या वर सहज जातो. वडील कानांत कापसाचे बोळे घालत. त्याहून दुसरे काही त्यांना कधी मिळाले नाही. कामावर बोलणे हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींवरून चाले, आणि पाळी सुटून खोलीवर आले तरी कान वाजत राहत. सोळा वर्षे आठ-आठ तास हे ऐकल्यावर कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आवाज टिपतात, त्या मरून गेल्या. त्या पुन्हा उगवत नाहीत.

या प्रकारच्या बहिरेपणाची एक रीत आहे आणि ती आपल्यापैकी प्रत्येकाने समजून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. सर्वांत आधी जातात ते वरच्या पट्टीचे ध्वनी, म्हणजे भाषेतली व्यंजने. स्वर बराच काळ टिकून राहतात. त्यामुळे ताट, पाट आणि खाट हे तिन्ही शब्द वडिलांना जवळजवळ सारखे ऐकू येतात आणि यांतला नेमका कोणता, हे ते समोरच्याच्या ओठांवरून व बोलण्याच्या संदर्भावरून ताडतात. शांत खोलीत हे त्यांना छान जमते. भोवती गलका असला की जमत नाही, कारण त्यांच्यासारख्या माणसाला शब्द कळायचे तर बोलणाऱ्याचा आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा साधारण १५ डेसिबलने तरी वर असावा लागतो. आपण एक मीटर अंतरावरून सहज बोलतो तो आवाज सुमारे ६० डेसिबलचा असतो. त्या दिवशी मी मोबाइलवर मोजून पाहिले तेव्हा आकडा ८० च्या खाली आला नाही. मोबाइल म्हणजे काही अचूक उपकरण नव्हे, हे मी जाणते; पण त्यात पाच डेसिबलची चूक धरली तरी माझ्या मुलीला आजोबांशी बोलण्यासाठी अक्षरशः किंचाळावे लागले असते.

श्रवणयंत्र लावले की प्रश्न सुटतो, अशी अनेकांची समजूत असते. श्रवणयंत्र सगळेच मोठे करते. समोरच्या नातीचा आवाज वाढतो तसा कॉफी दळणाऱ्या यंत्राचा, शेजारच्या टेबलावरच्या हसण्याचा, लादीवर ओढल्या जाणाऱ्या खुर्चीचा आणि डोक्यावरच्या स्पीकरचाही वाढतो. नव्या यंत्रांत गलका वेगळा काढण्याची काही सोय असते, पण तिला मर्यादा आहेत. बसल्यापासून दहा मिनिटांत वडिलांनी दोन्ही यंत्रे काढून डबीत ठेवली आणि डबी सदऱ्याच्या खिशात टाकली. यानंतर ते सर्वांकडे पाहून हसत राहिले. ज्यांच्या घरी कमी ऐकू येणारे माणूस आहे, त्यांना हे हसू चांगले ओळखता येते.

आता आपल्या जागांविषयी. सिमेंटच्या उघड्या भिंती, घोटलेली जमीन, मोठमोठ्या काचा, प्लास्टर न केलेले छत आणि त्याखालून धावणारे उघडे पाइप, पत्र्याच्या खुर्च्या, दगडी टेबले, एका बाजूला उघडे स्वयंपाकघर. आपल्या व्यवसायात या सजावटीला इंडस्ट्रियल म्हणतात आणि तिचे मूळ जुन्या कारखान्यांत आहे. काँक्रीट किंवा काच स्वतःवर पडलेल्या आवाजाच्या शंभर भागांतले जेमतेम दोन-चार भाग शोषते आणि उरलेला सगळा आवाज परत खोलीत फेकते. एक चमचा पडला तर त्याचा आवाज भिंतीवरून छतावर, छतावरून जमिनीवर असा घुमत राहतो आणि तो विरण्याआधी दुसरा चमचा पडतो. कारखान्याचे रूप उचलताना कारखान्याचा आवाजही सोबत आला आहे. उत्तरेकडून उजेड घेणारी, करवतीच्या दातांसारखी ती छपरे वडिलांनी आत शिरताच ओळखली आणि लोखंडी तुळयांकडे बोट दाखवून ते मला काही सांगू लागले. तेही मला ऐकू आले नाही, आणि माझे कान चांगले आहेत.

या घुमण्यावर संगीत चढते. एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली दाखवून दिले की भोवतालचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. आपल्या जागांत हेच घडते. संगीतामुळे एका टेबलावरची माणसे मोठ्याने बोलू लागतात, त्यांच्यामुळे शेजारचे टेबल त्याहून मोठ्याने बोलते, आणि मग संगीत ऐकू येत नाही म्हणून काउंटरवरचा माणूस ते आणखी वाढवतो. दुपारी एकच्या सुमारास हा चढ शिगेला पोहोचलेला असतो. गलका म्हणजे जिवंतपणा, रिकामी शांत जागा पाहून गिऱ्हाईक बिचकते, हा आपला व्यवसायातला अनुभव मी खोटा ठरवत नाही. माणसांच्या बोलण्याने भरलेली खोली मलाही आवडते. गर्दीच्या वेळी दादर-गिरगावातल्या जुन्या उपाहारगृहांतही भांड्यांचा आणि माणसांचा आवाज काही कमी नसतो, पण तेथे त्यावर स्पीकर नसतो आणि दारे-खिडक्या उघड्या असल्याने पुष्कळसा आवाज रस्त्यावर निघून जातो. वातानुकूलित, काचबंद खोलीतून तो कोठे जाणार?

ब्रंच हा शब्द ज्याच्या लेखातून प्रथम छापला गेला असे मानतात, त्या गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ साली या खाण्याची वकिली करताना एक मुद्दा आवर्जून मांडला होता: ब्रंच माणसाला बोलते करतो. रविवारी उशिरा उठावे, सावकाश खावे आणि मनसोक्त बोलावे, ही त्याची मूळ कल्पना होती. आपण त्याच नावाने, त्याच सावकाशपणाचे दाम घेऊन जेवण वाढता. एका माणसामागे दीड-दोन हजार रुपये मोजणारे गिऱ्हाईक केवळ पावासाठी येत नाही. घरी पाहुणे नीट बसवता येतील इतकी जागा ज्यांना नाही, अशी लाखो कुटुंबे या शहरात आहेत, आणि भेटण्या-बोलण्यासाठी त्यांना आपल्यासारख्यांच्या टेबलांचाच आधार असतो.

आपल्याकडे काम करणाऱ्या मुलांविषयीही मला तळमळीने सांगायचे आहे. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा विशीतला असेल. मागणी ऐकण्यासाठी त्याला चार वेळा माझ्या तोंडाजवळ वाकावे लागले आणि तरीही एक पदार्थ चुकीचा आला. त्यात त्याचा दोष मला मुळीच वाटत नाही. आम्ही दीड तास बसलो. तो तेथे आठ-दहा तास उभा असतो, आठवड्यातले सहा दिवस. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्था ८५ डेसिबलच सुचवते आणि पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते असे सांगते, म्हणजे ८८ डेसिबलला चार तास आणि ९१ ला दोन. आपल्या जागेत शनिवार-रविवारी प्रत्यक्ष किती आवाज असतो, हे आपण साध्या ध्वनिमापकाने एकदा तरी मोजून पाहिले आहे काय? अशा आवाजाने कान जातात, हे साचेखात्यातल्या माणसांना कोणी सांगितले नव्हते. आज हे सर्वांना माहीत आहे. त्याच आवारात दुसऱ्या पिढीचे कान जाऊ नयेत.

उपाय आहेत आणि त्यांतले बरेचसे आपल्या एका महिन्याच्या फुलांच्या खर्चात बसतील. संगीताचा आवाज कमी करणे ही त्यांतली पहिली आणि फुकटची गोष्ट. संगीत ठेवा, पण समोरासमोर बसलेल्या दोन माणसांना आवाज न चढवता बोलता येईल एवढेच. ती पातळी एकदा ठरवून दिली आणि रोज दुपारी तपासली, तर दोघा-चौघांच्या लहरीवर काही अवलंबून राहणार नाही. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवणे, कपबश्या ठेवण्याच्या फळीवर रबर घालणे, कॉफीचे यंत्र आणि ब्लेंडर टेबलांपासून एका आडोशामागे नेणे, ही कामे सुताराच्या एका दिवसाची आहेत.

खरा फरक पडतो तो छतामुळे. भिंतीवर चित्रे टांगता, झाडे ठेवता, पण छत उघडेच राहते आणि घुमण्याचा सर्वांत मोठा पृष्ठभाग तोच असतो. आवाज शोषणारे फलक छताला लावले किंवा तुळयांमधून आडवे टांगले, तरी छपराचे जुने रूप झाकले जात नाही. काथ्याच्या चटया, जाड पडदे, भिंतीवर लोकरीच्या विणलेल्या पट्ट्या यांचाही उपयोग होतो, आणि काथ्या तर आपल्या किनाऱ्यावरचाच आहे. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आवाज शोषतो म्हणून स्वस्त फोम छताला चिकटवू नका. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री याच लोअर परळमध्ये, कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ माणसे गेली. भडकणारे काहीही डोक्यावर असता कामा नये. खनिज लोकरीचे, आगीला न जुमानणारे फलक बाजारात मिळतात. काथ्या किंवा कापड वापरायचे तर तेही अग्निरोधक प्रक्रिया केलेले हवे, आणि त्याचा दाखला मागून घ्यावा.

सगळी जागा शांत करणे जमत नसेल तर निदान एक कोपरा तसा करा. दोन बाजूंना भिंत, वर फलक, स्पीकर नाही, उजेड माणसाच्या चेहऱ्यावर पडेल असा. ओठ वाचणाऱ्याला उजेड लागतो. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा त्याला काळा दिसतो. मेज लहान असावे, कारण बोलणारा जितका जवळ तितके शब्द स्पष्ट. आपण दिवसभर उघडे असता, हा आपला मोठा लाभ आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते अकरा या वेळेत, जेव्हा निम्मी टेबले रिकामीच असतात, संगीत बंद ठेवून पाहा आणि तसे दारावर मराठीत लिहा. ज्येष्ठ नागरिक येतील, लहान बाळे घेऊन आया येतील, गलका सहन न होणारी स्वमग्न मुले येतील. हा वर्ग फार मोठा आहे आणि आज तो आपल्या दारावरून परत जातो.

छापील मेन्यू ठेवा, ही आणखी एक छोटी विनंती. मोबाइलवर चौकोन टिपून मेन्यू उघडणे वडिलांना जमत नाही. वाढपी तोंडाने सांगतो ते ऐकू येत नाही. कागदावर बोट ठेवता आले तर ते स्वतःची मागणी स्वतः करू शकतात, आणि ७९ व्या वर्षी याचे मोल काय असते ते मी शब्दांत सांगू शकत नाही. वाढणाऱ्यांना दोन गोष्टी शिकवाव्यात: समोर येऊन, तोंड न झाकता, सावकाश बोलावे, आणि समजले नाही तर ओरडण्याऐवजी लिहून दाखवावे. २०१५ मध्ये पवईत सुरू झालेल्या 'मिर्ची अँड माइम'ने तर ऐकू न येणाऱ्या तरुणांनाच वाढण्याचे काम दिले आणि खुणांनी मागणी करायला गिऱ्हाइकांना शिकवले. या शहरात असे होऊ शकते, हे तेव्हाच दिसले.

कायद्याचा उल्लेख मी शेवटाकडे करते आहे, कारण कायद्याच्या धाकाने आतिथ्य होत नाही. तरीही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कमी ऐकू येणाऱ्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि सुगम्यतेची जबाबदारी खासगी जागांवरही आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे नियम ऐच्छिक राहू शकत नाहीत, ते बंधनकारक करावेत, असे केंद्र सरकारला बजावले. आपण दारात चाकाच्या खुर्चीसाठी उतार करू लागला आहात, ते चांगलेच आहे. कानांसाठीही तसाच एक उतार हवा. सल्ला घ्यायला दूर जावे लागणार नाही: अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था वांद्र्यातच, रेक्लमेशनला आहे, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांच्या दारापासून रिक्षाच्या अंतरावर. 'आहार' आणि नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया या आपल्या संघटनांनी तेथील तज्ज्ञांना बोलावून आवाजाची एक साधी मर्यादा ठरवली आणि ती पाळणाऱ्या जागांची यादी जाहीर केली, तर आमच्यासारख्या कुटुंबांना फोन करून विचारत बसावे लागणार नाही.

त्या टॅक्सीत मी वडिलांना नातीच्या नोकरीची बातमी सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग मी तिला काहीच बोललो नाही." घरी पोहोचल्यावर त्यांनी तिला जवळ बसवून सगळे पुन्हा विचारले: कामाचे ठिकाण, वेळ, पगार, गाडी कोणती पकडणार. तिने सगळे सांगितले. पण तिला ते तेथे, त्या छपराखाली सांगायचे होते.

येत्या फेब्रुवारीत वडिलांना ८० वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना पुन्हा त्याच भागात घेऊन जावे, त्यांनी त्या तुळयांकडे बोट दाखवून जे सांगायला घेतले होते ते त्यांच्याकडून पूर्ण ऐकावे, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. आपल्यापैकी कोणाकडे तोपर्यंत अशी जागा तयार होत असेल तर जरूर कळवावे. टेबल चौघांचे हवे, भिंतीकडचे, स्पीकरपासून लांब. शाकशुका असला तर उत्तम.

आपली,
एका साचेवाल्याची मुलगी,
करी रोड, मुंबई